गोडे, मचूळ की खारे? पाणथळ जागा ओळखण्याची पद्धत

पाणथळ जागांचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो समोरचे पाणी गोडे आहे, खारे आहे की या दोहोंच्या मधले, हा. प्रश्न साधा वाटतो, कारण समुद्र खारा आणि तळे गोडे हे आपण लहानपणापासून धरून चाललेले असतो. प्रत्यक्षात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या लोणारच्या सरोवरात क्षार साठलेले आहेत, आणि कोकणातल्या एखाद्या खाडीच्या वरच्या टोकाला श्रावणात भरून घेतलेले पाणी शेजारच्या भातखाचरातल्या पाण्याइतके गोडे निघते. मी सुरुवातीच्या काळात अशाच एका खाडीवर भर पावसात पाणी मोजून वहीत ‘गोड्या पाण्याची पाणथळ’ अशी ठाम नोंद केली होती. पुढच्या एप्रिलमध्ये त्याच धक्क्यावर उभे राहून मोजले, तेव्हा लिटरमागे वीस ग्रॅमांहून अधिक क्षार निघाले. यंत्र दोन्ही वेळा बरोबर होते. पाणी किती खारट आहे हे विचारण्याआधी ते येते कुठून, जाते कुठे आणि वर्षभरात त्याचे काय होते हे विचारायला हवे होते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत, आणि त्या शक्यतो त्याच क्रमाने कराव्यात.

आधी शब्द आणि आकडे

इराणमधील रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या करारात पाणथळ जागेची व्याख्या फार व्यापक ठेवलेली आहे. दलदल, तळे, नदी, खाडी, नैसर्गिक किंवा मानवनिर्मित, कायमचे किंवा हंगामी, साचलेले किंवा वाहते, गोडे, मचूळ किंवा खारे, असे सगळे पाणी तीत येते, आणि समुद्राचा ओहोटीच्या वेळी सहा मीटरांपेक्षा जास्त खोल नसलेला भागही येतो. भारत या करारात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातील नांदूर मध्यमेश्वर व लोणार या जागांना रामसर दर्जा, म्हणजे या करारातील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान, मिळाल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, आणि ठाणे खाडीला तो २०२२ मध्ये मिळाला. गोव्यातील कुडचडे येथील नंदा तळ्यालाही तो २०२२ मध्येच मिळाला. या चार जागा म्हणजे आपल्या विषयाचे चार वेगवेगळे धडे आहेत, म्हणून त्यांची नावे पुढे पुन्हा पुन्हा येतील.

आकड्यांची वाटणी अशी आहे. एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतील तर ते गोडे पाणी, अर्धा ते तीस ग्रॅम असतील तर मचूळ किंवा निमखारे, आणि तीस ग्रॅमांच्या पुढे असतील तर खारे. खुल्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मधला पट्टा फार रुंद असल्यामुळे १९५८ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या परिसंवादात त्याचे आणखी तुकडे पाडण्यात आले: अर्धा ते पाच, पाच ते अठरा आणि अठरा ते तीस. शिकणाऱ्याने हे तीन तुकडेही वापरावेत असे मला वाटते, कारण लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असलेली खाडी आणि पंचवीस ग्रॅम असलेली खाडी यांत वाढणारी झाडे आणि सापडणारे मासे यांत पुष्कळ अंतर असते. दोन्हींवर ‘निमखारी’ एवढाच शिक्का मारला तर ते अंतर वहीतून नाहीसे होते.

‘मचूळ’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. विहिरीचे पाणी धड गोडे नाही आणि धड खारेही नाही, अशा वेळी आपल्याकडची माणसे हाच शब्द वापरतात, आणि पुस्तकी ‘निमखाऱ्या’पेक्षा तो जिभेला आणि अर्थाला अधिक जवळचा आहे.

पहिली पायरी: नकाशावर पाण्याचा माग काढावा

घरातून निघण्यापूर्वी उपग्रहाचा नकाशा उघडून तीन गोष्टी शोधाव्यात: पाणी आत कुठून येते, बाहेर कुठून जाते, आणि समुद्राची भरती तिथपर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी आहे का.

नांदूर मध्यमेश्वर घ्या. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा घातल्यामुळे तिथे उथळ जलाशय तयार झाला, त्यात गाळ साचून बेटे झाली आणि दलदल वाढली. पाणी दोन नद्यांतून येते आणि बंधाऱ्यावरून पुढे निघून जाते. जे पाणी येऊन निघून जाते ते आपल्याबरोबरचे क्षारही घेऊन जाते, त्यामुळे अशी जागा गोडी राहते. लोणारचे उलट आहे. उल्कापाताने बेसॉल्टच्या खडकात पडलेले ते जवळजवळ वर्तुळाकार विवर आहे, त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, आणि त्यातून पाणी बाहेर पडायला वाटच नाही. झरे आणि पाऊस आत येतात, ऊन पाणी वर घेऊन जाते, आणि आलेले क्षार तळाशी राहतात. हजारो वर्षे हाच व्यवहार चालला की समुद्राशी काडीचाही संबंध नसताना पाणी क्षारयुक्त होते. म्हणून नकाशावर पाण्याला निकास दिसत नसेल, तर जागा कितीही आतल्या भागात असली तरी सावध व्हावे.

विदर्भातील अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात असलेला खारपाणपट्टा हा तिसरा प्रकार आहे. तिथे भूजलच खारट आहे. अशा भागातील तळ्याला पावसाचे पाणी मिळते की विहिरींचे आणि झऱ्यांचे, यावर त्याची चव ठरते, आणि ते नकाशावर दिसत नाही. गावातच विचारावे लागते.

किनाऱ्याजवळच्या जागेसाठी नकाशावर सरळ रेषा शोधाव्यात. खाडीच्या नैसर्गिक फाटे-उपफाट्यांना वळणे असतात, तर माणसाने घातलेला बांध सरळ किंवा कोनात जातो. बांधाच्या आत चौकोनी खाचरे दिसली तर ती खारभूमी, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेली शेतजमीन, असू शकते; लहान लहान नियमित चौकटी दिसल्या तर मिठागर. बांधाला कुठे उघाडी, म्हणजे पाणी सोडण्याचे दार, आहे हे हेरून ठेवावे, कारण प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी तिच्या आतली आणि बाहेरची बाजू ही दोन स्वतंत्र ठिकाणे धरायची आहेत.

दुसरी पायरी: तिथी आणि ऋतू पाहून दिवस ठरवावा

तलावासाठी भरती-ओहोटीचा विचार करण्याचे कारण नाही. खाडीसाठी तो केला नाही, तर मोजणी फुकट जाते आणि क्वचित माणूसही अडकतो. आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. मुंबई आणि उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब आजही अंदाजापुरता उपयोगी पडतो. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास; अष्टमीला सहाच्या सुमारास; पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी उशिरा पोहोचते, म्हणून हा हिशेब तोंडापाशी जितका जुळतो तितका आत जुळत नाही. नेमकी वेळ हवी असेल तर बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहावेच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे सर्वात मोठी भरती-ओहोटी, असते, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वात लहान. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाण्याची उंची साडेचार मीटरांच्या पुढे जाते. गोव्यात पाण्याचा चढउतार याच्या निम्म्याच्या आसपास असतो. उधाणाला खारे पाणी खाडीत खोलवर शिरते, भांगाला कमी शिरते. म्हणून एकाच जागी उधाणाची भरती, उधाणाची ओहोटी, भांगाची भरती आणि भांगाची ओहोटी अशा चार मोजण्या केल्या, तर त्या महिन्यातील पाण्याचा पल्ला बऱ्यापैकी हाती लागतो.

ऋतूचे अंतर याहूनही मोठे असते. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीवरून येणारे पावसाचे पाणी खाडीतील खारे पाणी मागे रेटते. ऑक्टोबरनंतर नद्या आटू लागतात तसा समुद्र पुन्हा आत येतो, आणि मे महिन्यात खारेपणा सर्वाधिक असतो. एखादी जागा कोणत्या वर्गात घालायची हे ठरवण्यापूर्वी निदान एक मोजणी भर पावसातली आणि एक मे महिन्यातली असावी. ज्यांना एकदाच जाणे शक्य आहे त्यांनी मे निवडावा. पावसाळ्यात खाडी आपला खारेपणा झाकून ठेवते. उन्हाळ्यात झाकायला पाणीच नसते.

तिसरी पायरी: पाणी मोजावे

पहिला नियम असा की पाणी चाखून पाहू नये. जुने खाडीकर बोट बुडवून जिभेला लावत आणि त्यांचा अंदाज चुकत नसे, हे खरे. पण आज शहरांजवळच्या बहुतेक खाड्यांत आणि तळ्यांत सांडपाणी मिसळते, आणि पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाची भीती असते. पायाला किंवा हाताला जखम असेल तर पाण्यात उतरूही नये.

घरातल्या पाण्याच्या फिल्टरसाठी मिळणारा लहान टीडीएस मीटर हे सुरुवातीचे साधन म्हणून पुरेसे आहे. तो विरघळलेले क्षार लिटरमागे मिलिग्रॅममध्ये दाखवतो, म्हणजे ५०० हा आकडा गोडे आणि मचूळ यांच्या सीमेवरचा. मात्र असे मीटर साधारण दहा हजारांच्या आतच वाचतात, आणि खाडीचे पाणी त्यापलीकडे सहज जाते. त्यावर उपाय सोपा आहे. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी नऊ भाग आणि खाडीचे पाणी एक भाग नीट मिसळावे, मोजावे, आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणावे. हा मीटर प्रत्यक्षात पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने तिचे क्षारांत रूपांतर करतो. त्यामुळे आकडा अंदाजे समजावा. ‘लिटरमागे १८.४ ग्रॅम’ असे दशांशात लिहिण्यापेक्षा ‘सुमारे १८’ लिहिणे प्रामाणिकपणाचे ठरते.

खाड्यांवर वारंवार जाणार असाल तर मत्स्यशेती करणारे वापरतात तो हातात धरण्याचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा. काचेवर दोन-तीन थेंब टाकून उजेडाकडे धरले की आतल्या पट्टीवर क्षारता वाचता येते. दर वेळी आधी डिस्टिल्ड पाण्याने शून्य जुळवून घ्यावे. अगदी कमी क्षारतेत, म्हणजे लिटरमागे दोन-तीन ग्रॅमांच्या खाली, त्याची पट्टी नीट वाचता येत नाही. तिथे टीडीएस मीटरच बरा. शिवाय त्याची पट्टी समुद्राच्या मिठासाठी आखलेली असते. लोणारच्या पाण्यात सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट मोठ्या प्रमाणात आहे, त्यामुळे तिथे रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा फारसा विश्वासाचा नसतो.

ज्यांच्याकडे दोन्ही साधने नाहीत त्यांच्यासाठी स्वयंपाकघरातील पद्धत आहे. अर्धा लिटर पाणी दाट सुती कापडातून दोनदा गाळून, गढूळ असल्यास रात्रभर निवळत ठेवून, वरचे पाणी वजन केलेल्या स्टीलच्या पातेल्यात आटवावे. शेवटी आच मंद करावी, नाहीतर मीठ तडतडून बाहेर उडते. कोरडे झालेले पातेले पुन्हा तोलावे. अर्धा लिटर समुद्राच्या पाण्यातून सुमारे साडेसतरा ग्रॅम क्षार मिळतात. अडीच ग्रॅम मिळाले तर पाणी लिटरमागे पाच ग्रॅमांचे. मिठात थोडी ओल राहते, म्हणून आकडा किंचित जास्त येतो. शाळेतल्या मुलांबरोबर जाणार असाल तर मी हीच पद्धत सुचवीन, कारण पातेल्याच्या तळाशी उरलेली पांढरी खरपूड पाहिल्यावर ‘क्षारता’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

नमुना कुठून घेतला याला मोजणीइतकेच महत्त्व आहे. खारे पाणी गोड्यापेक्षा जड असते, त्यामुळे नदीचे पाणी वरून समुद्राकडे वाहत असताना समुद्राचे पाणी तळाशी पाचरीसारखे आत शिरलेले असते. पृष्ठभागावरचे पाणी गोडे आणि दोन मीटर खाली मचूळ, ही पावसाळ्यानंतरची नेहमीची स्थिती आहे. तळाचे पाणी घेण्यासाठी बाटलीला दगड बांधून ती दोरीने खाली सोडावी. तोंडाला सैल बूच बसवून त्याला दुसरी दोरी बांधावी, आणि बाटली तळाशी पोहोचल्यावर ती ओढावी. वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे लिहावेत. काठावर साचलेल्या डबक्यातून नमुना कधीच घेऊ नये: उन्हाने तिथे क्षार दाट झालेले असतात किंवा कालच्या पावसाने पातळ झालेले असतात.

चौथी पायरी: काठावरची झाडे वाचावीत

मीटर त्या क्षणाचे पाणी सांगतो. झाडे गेल्या कित्येक वर्षांचे सांगतात. म्हणून दोन मोजण्यांत विसंगती आली, तर मी झाडांचे ऐकतो.

पाणकणीस, लव्हाळे, कमळ, कुमुदिनी, शिंगाडा आणि पाण्याखाली वाढणाऱ्या नाजूक वनस्पती हे गोड्या पाण्याचे कुटुंब आहे. यांतले पाणकणीस थोडेफार मचूळ पाणी सोसते, त्यामुळे ते एकटेच दिसले तर निष्कर्ष काढू नये. जलपर्णी मात्र मीठ सोसत नाही. पावसाळ्यात नदीबरोबर वाहत येऊन खाडीत पसरलेली जलपर्णी हिवाळा सरताना जिथे पिवळी पडून कुजू लागते, तिथे साधारणपणे खारे पाणी पोहोचले असे समजावे. उपद्रवी वनस्पतीचा हा एवढाच काय तो उपयोग.

भरतीचे पाणी जिथपर्यंत पोहोचते तिथे कांदळवन सुरू होते. नवशिक्याने सुरुवातीला तीन-चार झाडे पक्की ओळखावीत. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर आलेली असतात आणि पानांची खालची बाजू फिकट असते; हे झाड पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकते, कोरड्या दिवशी पानावर त्याचे बारीक कण हाताला लागतात. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात आणि ती बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या शेंगेसारखे लांब लोंबते. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवृक्ष म्हणून घोषित केले. मारांडी हे काटेरी पानांचे, जांभळट-निळ्या फुलांचे झुडूप आहे आणि ते बहुधा खाडीच्या वरच्या, कमी खाऱ्या काठांवर दाट माजते. तिवर खूप खारेपणा आणि शहरी प्रदूषण दोन्ही सोसतो, म्हणून ठाणे खाडीत त्याचेच राज्य आहे. काठाने चालताना तिवराचे प्रमाण कमी होत जाऊन मारांडी वाढत गेली, आणि पुढे पाणकणीस दिसू लागले, तर आपण खाऱ्याकडून मचुळाकडे आणि तिथून गोड्याकडे चाललो आहोत. हा क्रम एका सकाळी पायांनी चालून पाहता येतो, आणि शिकण्यासाठी त्यासारखा उत्तम धडा दुसरा नाही.

कांदळवनाच्या मागे, जिथे फक्त उधाणाचेच पाणी पोहोचते, तिथे काही वेळा उघडी जमीन दिसते. तिच्यावर पांढरी पापडी धरलेली असते आणि जाडसर, रसाळ पानांची बुटकी झुडपे विखुरलेली असतात. महिन्यातून दोनदा पाणी येते, वाळते आणि मीठ मागे ठेवून जाते, त्यामुळे या जमिनीचा खारेपणा समुद्रापेक्षाही जास्त होऊ शकतो. पाणी दिसत नाही म्हणून ही पडीक जमीन समजली जाते; ती पाणथळ जागाच आहे.

पाचवी पायरी: चिखल आणि जीव

काठावर उभे राहून काठीने चिखल ढवळावा. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर असते, आणि हवा नसलेल्या चिखलातील काही जीवाणू त्यापासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. म्हणून खाऱ्या आणि मचूळ दलदलीला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि चिखल काळा असतो. गोड्या पाण्यात सल्फेट कमी असल्यामुळे तिथे मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना वाव मिळतो, आणि काठी खुपसली की बुडबुडे वर येतात. सांडपाणी मिसळणाऱ्या जागी ही खूण बिघडते, कारण तिथे गोड्या पाण्यालाही तसाच वास येतो. तेव्हा वासाला पुरावा न मानता इशारा मानावा.

प्राण्यांपैकी बेडकांची पिल्ले हा गोड्या पाण्याचा चांगला साक्षीदार आहे, कारण त्यांची नाजूक कातडी मीठ फारसे सोसत नाही; चतुरांच्या अळ्याही बहुतेक गोड्या पाण्यातच वाढतात. चिखलावर उड्या मारत चालणारे निवटे, आणि एकच नांगी मोठी असलेले लहान खेकडे बिळांपाशी ती हलवत बसलेले दिसले, तर भरतीचे पाणी तिथे येते याबद्दल शंका उरत नाही.

मासे ओळखता येत नसतील तर मासे धरणाऱ्यांना विचारावे, आणि तेही महिन्यासह. ‘इथे काय मिळते?’ या प्रश्नाला सगळी यादी मिळते. ‘वैशाखात काय मिळते आणि भाद्रपदात काय?’ या प्रश्नाला पाण्याचा इतिहास मिळतो. मरळ, कटला, मृगळ ही नावे आली तर पाणी गोडे. बोय, चिंबोरी, कालवे ही नावे आली तर मचूळ ते खारे. जिताडा दोन्हीकडचा आहे: त्याची वीण खाऱ्या पाण्यात होते, आणि पिल्ले खाडीतून वर, कमी खाऱ्या पाण्याकडे येऊन वाढतात. रायगड जिल्ह्यात ही पिल्ले धरून तळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे. उघाडी बंद झाली किंवा खाडीचे तोंड भरून आले की हा मासा आधी दिसेनासा होतो, हे तिथले लोक कोणत्याही मीटरशिवाय सांगतात.

पक्ष्यांवरून वर्ग ठरवण्याचा मोह टाळावा. रोहित पक्षी दिसला म्हणजे पाणी खारे, असे पुष्कळांना वाटते, कारण ठाणे खाडीतले त्यांचे थवे सर्वांनी पाहिलेले किंवा ऐकलेले असतात. भिगवणजवळ उजनी धरणाच्या फुगवट्यातही मोठे रोहित येतात, आणि ते पाणी भीमेचे, गोडे आहे. पक्ष्याला उथळ पाणी आणि खाद्य हवे असते. क्षारतेचे त्याला आपल्याइतके कौतुक नसते.

सहावी पायरी: फसवणाऱ्या जागा

इतके झाल्यावरही काही जागा वर्गात बसत नाहीत. त्यांतल्या बहुतेक माणसाने घडवलेल्या आहेत.

गोव्यातील खाजण जमिनी हे त्याचे सर्वात सुंदर उदाहरण. मांडवी, जुवारी आणि इतर नद्यांच्या काठांवर सुमारे १८,००० हेक्टर जमीन शतकानुशतके बांध घालून राखलेली आहे. बांधात ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते, आणि ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात पावसाने जमिनीतील मीठ धुऊन निघते आणि मीठ सोसणाऱ्या जातीचा भात घेतला जातो; पीक निघाल्यावर खारे पाणी आत घेऊन मासे आणि कोळंबी धरतात. म्हणजे एकच शेत श्रावणात गोडे आणि माघात मचूळ असते, आणि दोन्ही वेळा ते ठरवून तसे केलेले असते. अशा जागेच्या नोंदीत ‘खाजण’ हाच वर्ग लिहावा, आणि मानसाच्या आत व बाहेर वेगळी क्षारता द्यावी. कोकणातल्या खारभूमीच्या बांधांनाही हेच लागू आहे. बांध फुटून भातशेतीत दोन-तीन वर्षे भरती खेळली की तिथे तिवर उगवतो, आणि मग जागा शेत आहे की कांदळवन, हा वाद शेतकरी आणि वनखाते यांच्यात उभा राहतो. नवशिक्याने त्यात निवाडा देऊ नये; बांध कधी फुटला एवढे विचारून लिहून घ्यावे.

उलट चूकही होते. खाऱ्या दलदलीचा चिखल कायमचा सुकवला तर त्यातील गंधकयुक्त खनिजांचा हवेशी संयोग होऊन आम्ल तयार होऊ शकते, आणि खारेपणा गेल्यावरही जमीन पिकेनाशी होते. बांधाच्या आत पाण्यावर गंजासारखा तांबूस तवंग आणि जवळपास मेलेले गवत दिसले, तर क्षारतेबरोबर पीएचही, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हेही, मोजावा; सात हा मधला आकडा, त्याखाली आम्ल आणि वर अल्क.

मिठागरात मोजणी केली तर समुद्राच्या कित्येक पट आकडा येईल. समुद्राचे पाणी आटून साधारण दहाव्या हिश्श्यावर येते तेव्हा मीठ धरू लागते, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन वाफ्यांतही आकडे निराळे असतात. अशा ठिकाणी सरासरी काढण्यात अर्थ नाही.

लोणारकडे पुन्हा एकदा. तिथले पाणी समुद्राइतके खारट नाही, पण त्याचा पीएच दहाच्या आसपास आहे, आणि तेच त्याचे वेगळेपण आहे. आकड्यांच्या पट्टीवर ठेवले तर ते मचूळ ठरेल, आणि खाडीच्या मचूळ पाण्याशी त्याचे काहीही साम्य नसेल. जून २०२० मध्ये त्याचा रंग गुलाबी झाला, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मीठप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण आढळले. त्याच विवराच्या उतारावर गोड्या पाण्याची धार वाहते, आणि काही मिनिटांच्या उतरणीत माणूस गोड्या पाण्यापासून सोड्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो. दोन्हींचे टीडीएस आणि पीएच एकाच सकाळी मोजण्यासारखी जागा महाराष्ट्रात दुसरी नाही.

नंदा तळे याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जुवारीच्या एका उपनदीलगतची ती हंगामी, गोड्या पाण्याची दलदल. गावकरी पाणी साठवून खालच्या भातशेतीला देतात आणि मासेही धरतात. तिथे मोजण्यासारखी गोष्ट क्षारता नसून पाण्याची खोली आणि ते किती महिने टिकते, ही आहे.

सातवी पायरी: नोंद

नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात: जागा, तारीख, तिथी, भरती की ओहोटी, गेल्या तीन दिवसांत पाऊस झाला का, वरची आणि तळाची क्षारता, पीएच मोजला असल्यास तो, काठावरची पाच झाडे, चिखलाची खूण, आणि कोणाला विचारून काय कळले. वर्ग शेवटच्या रकान्यात, पेन्सिलीने.

ही नोंद सरकारदरबारी देण्याचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या केंद्रीय नियमांतून नदीपात्रे, भातखाचरे आणि पिण्याचे पाणी, सिंचन, मत्स्यशेती किंवा मीठ यांसाठी मुद्दाम बांधलेली जलाशये वगळलेली आहेत, तर कांदळवने आणि खाडीकिनारा किनारी क्षेत्राच्या नियमांखाली येतात. म्हणजे रामसर व्याख्येत बसणारी जागा या नियमांत बसेलच असे नाही, आणि ‘हे मिठागर आहे की नैसर्गिक खारी दलदल’ या तुमच्या एका ओळीवर पुढे बरेच अवलंबून असू शकते.

पहिल्या फेरीसाठी मुंबई-ठाण्याकडच्या माणसाने ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र निवडावे. तिथे कांदळवन जवळून पाहता येते, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरण्याचा प्रश्न येत नाही. पुणेकराने भिगवण, नाशिककराने नांदूर मध्यमेश्वर. एकट्याने चिखलात उतरू नये. ओहोटी पुरी होण्याआधी जावे आणि पाणी वळताच परत फिरावे. खाडीचा चिखल गुडघ्यापर्यंत आत घेतो तेव्हा भरती थांबून राहत नाही. मीटर गळ्यात अडकवलेला असावा, खिशात नको: माझा पहिला मीटर अजूनही त्याच धक्क्याखाली कुठेतरी पडून आहे.